बसऱ्याच्या इस्पितळातील मोडाचे हरभरे: ही घरगुती आठवण खरी असू शकते का?

प्रश्न: कोरेगावकर

नमस्कार. माझे पणजोबा मराठा पलटणीत शिपाई होते. १९१६ च्या पावसाळ्यात ते मुंबईहून बोटीने बसऱ्याला गेले आणि १९१९ साली परत आले, एवढे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात अशी घरे शेकड्यांनी सापडतील. एकट्या अपशिंगे गावातील ४६ जवान त्या पहिल्या महायुद्धात कामी आले. मात्र आमच्याकडे जी आठवण सांगितली जाते ती लढाईची नाही, इस्पितळातील जेवणाची आहे, आणि तिच्याविषयी मला जाणकारांना विचारायचे आहे.

माझी आजी म्हणजे पणजोबांची धाकटी सून. ती सांगत असे की तिकडे गेल्यावर काही महिन्यांतच मामंजींच्या हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, पायांवर काळेनिळे डाग उठले आणि चालणेही अवघड झाले. लहानपणी ऊस तोडताना पोटरीला विळा लागून झालेली एक जखम होती. ती भरून दहा-बारा वर्षे लोटली होती, तरी ती आपोआप पुन्हा उघडली. त्यांना बसऱ्याच्या इस्पितळात नेले तेव्हा डॉक्टरांनी बाटलीतले औषध फारसे दिलेच नाही. रोज मूठभर मोड आलेले हरभरे आणि मिळेल तेव्हा हिरवी भाजी, एवढाच उपचार झाला आणि महिन्याभरात ते हिंडूफिरू लागले. “मामंजी हरभऱ्यानं वाचलं,” हे आजीचे ठरलेले वाक्य होते.

आम्ही नातवंडांनी ही गोष्ट कधी मनावर घेतली नाही. गोऱ्या साहेबांच्या लष्करी इस्पितळात आपल्या घरातले मोडाचे कडधान्य औषध म्हणून कोण देईल, असे वाटे. आता आजी नाही, आणि तिचे ऐकून न घेतल्याची रुखरुख लागून राहिली आहे. त्या काळातील लष्करी इस्पितळांत अन्न हाच उपचार अशी पद्धत होती का, आणि हरभऱ्यांची ही गोष्ट कितपत संभवते, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर १: अजिंक्यतारा

आपल्या आजींची आठवण मला केवळ संभवनीय नव्हे, तर त्या काळाशी अगदी जुळणारी वाटते. आपण वर्णन केलेला आजार स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, आहे यात मला शंका नाही. मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, हिंदी फौजेत १९१६ साली त्याने हजारो शिपाई अंथरुणाला खिळवले होते. पणजोबा तिकडे पोहोचले तो काळ या आजाराच्या ऐन भराचा होता.

याची पार्श्वभूमी समजून घ्यायची तर कूत-अल-अमाराच्या वेढ्यापासून सुरुवात करावी लागते. पुण्याची म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली तेथे अडकली होती, आणि तिच्यात १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. या वेढ्यात एकाच गावात, एकाच उपासमारीत, दोन वेगवेगळे आजार दोन वेगवेगळ्या लोकांना झाले. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी, म्हणजे हातपायांच्या नसा आणि हृदय दुबळे करणारा आजार, झाला आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही. हवा तीच, पाणी तेच, तोफांचा मारा तोच. फरक होता तो फक्त ताटात.

गोरे शिपाई पांढऱ्या मैद्याचा पाव आणि घोड्याचे मांस खात होते. मैद्यातून कोंडा आणि अंकुर निघून गेलेला असल्याने त्यांना आज आपण ज्याला बी-१ जीवनसत्त्व म्हणतो ते मिळेना, परंतु ताज्या मांसातून थोडेफार क जीवनसत्त्व मिळत राहिले. हिंदी शिपायांचे नेमके उलट झाले. त्यांच्या आट्यात आणि सातूच्या पिठात कोंडा होता म्हणून बेरीबेरी त्यांच्याजवळ फिरकला नाही, पण घोड्याचे मांस त्यांनी धर्माच्या भीतीने आणि गावी परतल्यावर जातभाई काय म्हणतील या धास्तीने जवळजवळ शेवटपर्यंत नाकारले. ते खाण्यास हरकत नाही अशी धर्मगुरूंची मते हिंदुस्थानातून मागवून त्यांना कळवण्यात आली, तरीही पुष्कळांनी ते एप्रिल उजाडेपर्यंत तोंडात घातले नाही. भाजीपाला तर नव्हताच. शेवटी शिपाई रानातला पाला खुडून शिजवू लागले आणि त्यातून काहींना विषबाधा झाली. पुढे मैदा संपला, गोऱ्या पलटणींनाही आटा आणि सातूचे पीठ खावे लागले, आणि त्यांच्यातील बेरीबेरी कोणत्याही औषधाशिवाय ओसरला. एवढा स्पष्ट प्रयोग कोणी ठरवूनही केला नसता.

आपले पणजोबा वेढ्यात नव्हते, परंतु वेढ्याबाहेरच्या फौजेचा शिधाही फारसा वेगळा नव्हता. आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ, मसाला असा सुका शिधा बोटीतून यायचा. पोट भरत असे. मात्र आपल्या गावाकडे हिरवी मिरची, कांद्याची पात, चिंच, लिंबू, बांधावरची चाकवत किंवा चवळई यांतून नकळत जे पोटात जाते ते तिथे मुळीच जात नव्हते. उपाय म्हणून सरकार बाटलीबंद लिंबाचा रस पाठवीत होते, आणि तो रस जवळजवळ निरुपयोगी होता.

हा भाग सांगण्यासारखा आहे. जेम्स लिंड या आरमारी डॉक्टराने १७४७ साली सॉल्सबरी जहाजावर स्कर्व्हीच्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला, तेव्हा संत्री आणि लिंबे खाणारी जोडी सर्वांत लवकर बरी झाली. १७९५ पासून ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमाने देण्यास सुरुवात केली आणि स्कर्व्ही जवळपास नाहीसा झाला. पण तो रस भूमध्य समुद्राकडील मोठ्या, जाड सालीच्या लिंबांचा होता. १८६० नंतर आरमाराने वेस्ट इंडीजमधील लहान आंबट लिंबांचा रस घेण्यास सुरुवात केली. इंग्रजीत दोन्ही रसांना एकाच नावाने ओळखले जाई, त्यामुळे बदल झाला आहे हे कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-संशोधकांनी गिनिपिगांवर प्रयोग करून दाखवले की या लहान लिंबाच्या ताज्या रसाची ताकद मोठ्या लिंबाच्या साधारण एक चतुर्थांश भरते, आणि तो साठवून ठेवला की तीही राहत नाही. आपण पोह्यांवर पिळतो ते ताजे कागदी लिंबू निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. दोष महिनोन्महिने साठवलेल्या रसाचा होता.

आता आपल्या हरभऱ्यांकडे येतो. सुक्या कडधान्यात क जीवनसत्त्व नसल्यासारखेच असते, परंतु मोड येताना बी स्वतः ते तयार करू लागते. फ्यूर्स्ट या नॉर्वेजियन संशोधकाने १९१२ साली मोडाच्या कडधान्याचा हा गुण दाखवला होता. १९१७ मध्ये चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी फौजेच्या शिध्यात कोणते अन्न कोणत्या आजारावर चालेल याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ताजा भाजीपाला नसेल तेथे मोडाची कडधान्ये द्यावीत असे सुचवले. कृतीही अगदी व्यवहारी होती. कडधान्य २४ तास भिजवायचे, पाणी काढून ओलसर पोत्यात सुमारे ४८ तास हवा लागेल असे ठेवायचे, मोड आले की लगेच वापरायचे आणि शिजवायचे तर अगदी थोडा वेळ. विल्टशायर नावाच्या लष्करी डॉक्टराने स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांच्या एका गटाला लिंबाचा रस आणि दुसऱ्या गटाला मोडाच्या घेवड्याची उसळ म्हणावी असे अन्न देऊन पाहिले, आणि १९१८ साली त्याने लिहिले की घेवड्याचा गट रसाच्या गटापेक्षा मागे पडला नाही, उलट सरस ठरला.

तेव्हा गोऱ्या साहेबाने मोडाचे हरभरे का दिले असतील, याचे उत्तर असे की बाटलीतल्या रसाने हात टेकले होते आणि सुके हरभरे गोदामात पडलेले होते.

उत्तर २: कृष्णाकाठ, सांगली

मी आहारतज्ज्ञ म्हणून तीस वर्षे रुग्णालयांत काम केले आहे. वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त वैद्यकीय बाजूने दोन गोष्टी जोडते.

पहिली गोष्ट पोटरीच्या जुन्या जखमेची. संपूर्ण हकिकतीत मला सर्वांत विश्वासार्ह वाटलेला तपशील हाच आहे, कारण तो रचून सांगता येण्यासारखा नाही. जखम भरते म्हणजे तिथे कोलॅजन नावाच्या प्रथिनाची वीण तयार होते, आणि ही वीण एकदा घालून संपत नाही. शरीर ती आयुष्यभर उसवत आणि पुन्हा घालत असते. घालण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही तर उसवणे चालू राहते आणि घालणे थांबते, म्हणून अनेक वर्षांपूर्वी भरलेला व्रणही उघडतो. आपल्या आजींना हे शास्त्र कोणी सांगितले असण्याची शक्यता नाही. त्यांनी जे घडले तेच जपून ठेवले.

दुसरी गोष्ट ‘अन्न हाच उपचार’ या आपल्या मूळ प्रश्नाची. ब्रिटिश लष्करी इस्पितळांत आहार हा डॉक्टरने लिहून द्यायचा भाग होता, हे खरे आहे. रुग्णाच्या प्रकृतीप्रमाणे पूर्ण आहार, अर्धा आहार, हलका आहार, चमच्याने भरवायचा आहार अशा ठरलेल्या पायऱ्या असत, आणि त्यांशिवाय आरारूट, साबुदाणा, मांसाचा काढा, पोर्ट वाइन, ब्रँडी असे जादा पदार्थ डॉक्टर लिहून देत. आरारूट आणि साबुदाण्याची लापशी आजही आपल्याकडे आजाऱ्याला देतात. या सर्व पदार्थांमागे विचार एकच होता, की आजारी पोटाला कष्ट पडू नयेत. तो विचार चुकीचा नव्हता. जुलाब झालेल्या, तापाने खंगलेल्या माणसाला त्याचा आधार होत असे. परंतु स्कर्व्हीच्या किंवा बेरीबेरीच्या रुग्णाला आरारूट, साबुदाणा, पांढरा पाव आणि उकळलेले किंवा डब्यातले दूध एवढ्यावर ठेवले, तर त्याला ज्याची उणीव आहे नेमके तेच त्या ताटात नसे. काळजीपूर्वक दिलेला हलका आहारच आजार लांबवीत असे, आणि मला या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक भाग हाच वाटतो, कारण तो हलगर्जीतून नव्हे तर आस्थेतून घडत होता.

याच संदर्भात जावा बेटावरील बटाव्हियाच्या डच लष्करी इस्पितळाची हकिकत सांगितलीच पाहिजे. बेरीबेरीचा जंतू शोधण्यासाठी १८८६ साली तेथे गेलेल्या ख्रिस्तियान आइकमान यांनी प्रयोगासाठी कोंबड्या पाळल्या होत्या. त्या अचानक लंगडू लागल्या, माना टाकू लागल्या, आणि काही महिन्यांनी तितक्याच अचानक बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले की मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा सडीचा भात घातला जात होता. मग नवा आचारी आला आणि लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना देणार नाही, असे त्याने ठरवले. कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासह तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. पुढे फोर्डरमान यांनी जावामधील १०१ तुरुंगांची पाहणी केली, तेव्हा पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांतच बेरीबेरीचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. आइकमान यांना बराच काळ वाटत होते की तांदळात काही विष आहे आणि कोंडा त्याचा उतारा आहे. विष नाही, उणीव आहे, हे त्यांचे सहकारी ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये मांडले. आइकमान यांना १९२९ साली नोबेल मिळाले. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातच आजार शिजत होता, हे एका आचाऱ्याच्या कडक शिस्तीमुळे उघड झाले.

ता. क. पहिल्या उत्तरातील ‘थोडा वेळ शिजवावे’ हा भाग आजही लागू आहे. मटकीला कुकरच्या चार शिट्ट्या देऊन मग मोडाचे गुण शोधण्यात अर्थ नाही.

उत्तर ३: माणदेशी

वरील दोन्ही उत्तरांतून इस्पितळातील डॉक्टर दिसतात, परंतु शिपाई दिसत नाही, म्हणून लिहितो.

आहाराच्या त्या पायऱ्या गोऱ्या शिपायांच्या इस्पितळांतल्या होत्या. हिंदी पलटणींची इस्पितळे महायुद्धापूर्वी पलटणीगणिक वेगळी आणि अगदी साधी असत, आणि आजारी शिपायाने जेवणाची सोय बहुधा स्वतःच करायची अशी रीत होती. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. मोहिमेवर शिधा फुकट मिळे, पण छावणीत तो पगारातून भागवावा लागे. फुकट शिध्याची सवलत १९१७ साली आली, आणि गोऱ्यांच्या धर्तीवर हिंदी फौजेसाठी स्टेशन इस्पितळे १९१८ साली निघाली. म्हणजे आजारी शिपायाला औषधाइतकेच अन्नही देणे हे सरकारचे काम आहे, हे मान्य व्हायला मेसोपोटेमियात माणसे मरावी लागली. तेथील वैद्यकीय दुरवस्थेची चौकशी होऊन आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये पार्लमेंटपुढे आला, तेव्हा इंग्लंडमध्येही खळबळ उडाली होती.

याउलट इंग्लंडमधील ब्रायटन येथे राजवाड्यात उघडलेल्या इस्पितळात, जिथे फ्रान्सच्या आघाडीवरील हिंदी जखमींना डिसेंबर १९१४ पासून ठेवले, तिथे जातिधर्मांप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ आणि झटका व हलाल अशी वेगळी व्यवस्था होती. त्या व्यवस्थेची छायाचित्रे काढून हिंदुस्थानात मुद्दाम पसरवली गेली. ज्याचे छायाचित्र निघणार तिथे नऊ चुली, आणि जिथे कोणी पाहणार नाही त्या मेसोपोटेमियातील तैग्रिस नदीच्या काठी सुका आटा, हा भेद मला विसरता येत नाही.

अजून एक. कुन्नूरचे लष्करी डॉक्टर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२० च्या दशकात उंदरांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी लोकांचा आहार देऊन त्यांची वजने ताडून पाहिली. शिखांच्या आहारावरील उंदीर सर्वांत पुष्ट आणि मद्रासी आहारावरील सर्वांत कृश निघाले. मराठा आहार तिसरा आला. आपल्याकडे काही जण याचा अभिमानाने उल्लेख करतात. मला तसे वाटत नाही. सरकार ज्यांना लढवय्या जाती म्हणत होते त्यांचे लढवय्येपण रक्तात नसून गव्हाच्या कोंड्यात, दुधात आणि भाजीत होते, असेच त्या प्रयोगातून निघते. आमच्या माणदेशात दुष्काळी वर्षी मराठ्याच्या ताटातही ते तिन्ही नसत, आणि पोरे पलटणीत भरती होत ती बहुतेक त्याच कारणाने. मॅकॅरिसन यांची प्रयोगशाळा मात्र पुढे वाढली, १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

उत्तर ४: वाईकर

विषयाला धरून एक छोटी भर. वसाहतींच्या इस्पितळांनी आपल्या स्वयंपाकघरातून घेतलेले हे पहिले औषध नव्हे. गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया दा ओर्ता यांनी १५६३ साली छापलेल्या ग्रंथात पटकीचे (कॉलऱ्याचे) वर्णन आहे, आणि त्या आजाराचे त्यांनी नोंदवलेले येथील नाव म्हणजे आपला ‘मोडशी’ हाच शब्द आहे. त्यावर येथील लोक मिरे-जिरे घातलेले तांदळाचे पाणी देतात आणि त्याला कांजी म्हणतात, असेही ते नोंदवतात. पोर्तुगीजांनी ही कांजी उचलली आणि त्यात कोंबडी घातली. आजही पोर्तुगालमध्ये आजाऱ्याला देतात त्या कोंबडीच्या रश्शाचे नाव ‘कांजा’ आहे. विसाव्या शतकाच्या शेवटी तांदळाच्या पिठाचे क्षारपाणी पटकीच्या रुग्णाचे जुलाब साखरेच्या क्षारपाण्यापेक्षा चांगले आटोक्यात आणते, हे बंगालकडील संशोधनातून सिद्ध झाले. ओर्तांच्या काळातील आजीबाईंना त्याचे नवल वाटले नसते.

प्रश्नकर्ता: कोरेगावकर

सर्वांचे मनापासून आभार. मी दोन दिवस उत्तरे पुन्हा पुन्हा वाचली, विशेषतः जखमेविषयीचे.

काल माझ्या थोरल्या आत्याला भेटण्यासाठी रहिमतपूरला गेलो होतो. तिचे वय नव्वदीला टेकले आहे, आणि पणजोबांना तिने आठ-नऊ वर्षांची असेपर्यंत पाहिले आहे. येथील चर्चेचा एक शब्दही न सांगता मी तिला एवढेच विचारले की पणजोबा घरी हरभऱ्याला मोड कसे आणीत असत. घरातील बायका कडधान्य भिजवून पांढऱ्या फडक्यात बांधून खुंटीला टांगीत, परंतु पणजोबा स्वतःचे हरभरे कोणाला बांधू देत नसत, असे ती म्हणाली. ते गोणपाटाचा एक तुकडा धुऊन ठेवीत, त्यावर हरभरे पसरून दुसरा तुकडा वर घालीत, आणि पडवीत बसल्या बसल्या तांब्यातले पाणी दिवसातून चार-पाच वेळा त्यावर शिंपडीत. फडके का वापरीत नाही असे पणजीने विचारले की ते म्हणत, दवाखान्यात पोतेच होते, आणि पोत्यांवर पाणी मारण्याचे काम माझ्याकडे होते.